पायांमधून दिसणारं मैदान

कॉर्डेल मेबरीने चार वर्षं जग उलटं पाहिलं.

यात तत्त्वज्ञान वगैरे काही नाही. त्याचं कामच तसं होतं. न्यू नेबो कॉलेजच्या फुटबॉल संघात तो स्नॅपर होता. संघाला पुढे सरकता येईना, की शेवटी लांब किक मारून बॉल समोरच्यांना देऊन टाकावा लागतो. तेवढ्यापुरता कॉर्डेल आत यायचा. बॉलवर वाकायचा, डोकं गुडघ्यांच्या खाली घालायचा आणि दोन पायांच्या मधून बॉल मागे फेकायचा. पंधरा यार्ड मागे ट्रेमेन उभा असायचा, तो बॉल झेलून किक मारायचा. पाऊण सेकंदाचं काम. मग कोणीतरी कॉर्डेलला आडवा पाडायचा, आणि तो उठून परत बाकावर.

बरोबर फेकला तर तुझं नाव कोणाला कळत नाही. चुकलास तर अख्ख्या अलाबामाला कळतं. हे त्याला कोच पेटवेंनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. चार वर्षांत त्याचं नाव कोणाला कळलं नव्हतं.

त्यातली गंमत अशी, की संघ जितका वाईट खेळेल तितकं कॉर्डेलला काम जास्त. त्याच्या शेवटच्या वर्षीचा पहिला सामना एका बलाढ्य विद्यापीठाविरुद्ध, त्यांच्या मैदानावर. त्रेसष्ट-शून्य. कॉर्डेल अकरा वेळा आत गेला. परतीच्या बसमध्ये सगळे मेल्यासारखे झोपले होते आणि याच्या मांड्या तेवढ्या ठणकत होत्या.

ट्रेमेन म्हणाला, "आज सगळ्यात जास्त कोण खेळलं? आपण दोघं. कॉलेजने आपले पुतळे उभारायला पाहिजेत."

"माझा पुतळा कसा उभारणार? पाठमोरा, वाकलेला?"

"हो ना. वर कबुतरं बसतील."

तेवढंच हसणं. मग ट्रेमेननेही कानात गाणी घातली आणि कॉर्डेल काचेला डोकं टेकून बसला.

सराव त्याचा एकट्याचाच. बाकीचे पन्नास-साठ जण मैदानात आरडाओरडा करायचे, आणि हा पलीकडे कुंपणापाशी. कुंपणाला एक जुनं टायर टांगलेलं. त्या टायरच्या भोकातून बॉल गेला पाहिजे. रोज शंभर वेळा. फेकायचा, चालत जाऊन आणायचा, परत फेकायचा. कुंपणाच्या पलीकडे बँडचा सराव चाले. एकशे चाळीस पोरं. ट्रॉम्बोनची रांग वाजायला लागली की कॉर्डेलचा एखादा बॉल हमखास टायरला लागून उडायचा.

कारण एकेकाळी तो त्या रांगेत होता. तीन आठवडे.

त्याचे डॅडी, लूशस मेबरी, याच कॉलेजच्या बँडमध्ये ट्रॉम्बोन वाजवायचे. आता ते गावात शाळेची बस चालवतात, पण गावात त्यांना विचारा, ते पहिले ट्रॉम्बोनवाले आणि मग ड्रायव्हर. कॉर्डेलची आई तो नऊ वर्षांचा असताना डेट्रॉइटला निघून गेली, दर रविवारी फोन करते. घरात उरले हे दोघं आणि ती पितळी नळी. कॉर्डेलला कॉलेजात प्रवेश मिळाला तेव्हा डॅडींनी ट्रॉम्बोन घासूनपुसून त्याच्या हातात दिला. त्यांच्या डोळ्यांतच सगळं होतं.

आणि न्यू नेबोत बँड म्हणजे काय ते बाहेरच्याला कळायचं नाही. लोक सामन्याला येतात ते मध्यंतरासाठी. पहिला अर्धा भाग गप्पा मारत, तळलेला मासा खात काढतात. मध्यंतराला बँड उतरला की कोणी बाथरूमलासुद्धा जात नाही. बँड झाला की अर्धं स्टेडियम रिकामं. स्कोअर किती झाला? सोमवारी कळेल.

तर पहिल्या वर्षीचा पहिला सामना. कॉर्डेल रांगेत, अंगावर जांभळा कोट, हातात डॅडींचा ट्रॉम्बोन. आणि त्याने एक सूरही फुंकला नाही. घाबरला होता. सरावात त्याचा सूर खाली जायचा, रांगेचा म्होरक्या सगळ्यांसमोर त्याला झापायचा. म्हणून त्याने नळी मागेपुढे केली, गाल फुगवले, पावलं बरोबर टाकली, आणि आवाज काढलाच नाही. एकशे चाळिसांत एक मुका. कोणाला कळतंय?

सामना संपल्यावर डॅडी फाटकापाशी उभे. डोळे ओले. म्हणाले, "सगळ्या रांगेतून तुझा आवाज मला वेगळा ऐकू आला. तुझा सूर मी कुठेही ओळखेन."

रागावले असते तर परवडलं असतं. कॉर्डेलला त्या रात्री जेवण गेलं नाही. पुढच्या सोमवारी त्याने बँड सोडला. का सोडला, ते सांगितलं नाही. काय सांगणार? संघाला स्नॅपर हवा होता, कोणालाच ते काम नको होतं, हा गेला. जिथे आवाज काढावा लागत नाही अशी जागा त्याला मिळाली.

डॅडींना वाटलं, पोराने आपला ट्रॉम्बोन लाथाडला. भांडण झालंच नाही. झालं असतं तर बरं झालं असतं. बोलणं आटत गेलं, एवढंच. डॅडी दर घरच्या सामन्याला यायचे, बँडच्या बाजूला बसायचे, आणि मध्यंतर संपलं की उठून जायचे. चार वर्षं हाच शिरस्ता. कॉर्डेल बाकावरून बघायचा. राखाडी टोपी पायऱ्या चढते, फाटकातून जाते, गेली.

निरोप यायचे ते मिस अर्लीनकडून. ती मेसमध्ये वाढायची, आणि रविवारी चर्चमध्ये डॅडींच्या मागच्या बाकावर बसायची.

"तुझ्या बापाने विचारलंय, गुडघा कसा आहे."

"बरा आहे म्हणावं."

"बरा आहे म्हणावं! तीन गल्ल्यांवर राहतो तो माणूस. ही कोलार्डची भाजी घे अजून. हाडं दिसायला लागलीत."

सप्टेंबर गेला. चार सामने, चार हार. ऑक्टोबरात आणखी दोन. लोकांना फारसं दुःख नव्हतं, कारण बँड त्या वर्षी जबरदस्त होता. चर्चमधल्या म्हाताऱ्या म्हणायच्या, "पोरं हरली वाटतं. पण ढोल काय वाजले, बाई!"

मग होमकमिंग आलं. त्या दिवशी कॉलेजात शिकून गेलेली सगळी माणसं परत येतात, आणि मध्यंतराला बँडसोबत जुने बँडवालेही मैदानात उतरतात. पोटं सुटलेली, कोटाची बटणं लागत नाहीत, पण वाजवणार. या वर्षी पहिल्यांदाच डॅडीही उतरले. उसना ट्रॉम्बोन घेऊन. कारण त्यांचा स्वतःचा कॉर्डेलच्या खोलीत कॉटखाली होता. डॅडींनी मागितला नव्हता, कॉर्डेलने दिला नव्हता. महिन्यातून एकदा तो नळीला तेल मात्र द्यायचा.

मध्यंतराची वेळ ठरलेली असते. घड्याळ संपलं की मैदान रिकामं पाहिजे. नवी पोरं वेळेत बाहेर आली. म्हातारे येईनात. शेवटचा सूर त्यांनी धरला तो धरलाच, छाती फुटेपर्यंत. पंच हात हलवतोय, म्हातारे डोळे मिटून वाजवतायत. पंचाने पिवळा रुमाल फेकला. दंड. दुसरा भाग सुरू करताना न्यू नेबो पंधरा यार्ड मागे.

त्यावर स्टेडियम उभं राहून टाळ्या वाजवायला लागलं! बँडला दंड झाला म्हणजे बँड दणक्यात झाला, असं इथलं गणित. एकटे कोच पेटवे टोपी जमिनीवर आपटून म्हणाले, "देवा, मला क्रिकेट शिकव. फुटबॉल पुरे झाला."

पण त्या दिवशी पोरं खेळली. शेवटची दोन मिनिटं उरली तेव्हा सतरा-सोळा अशी आघाडी होती. वर्षातली पहिली. फक्त आपल्याच टोकाला अडकले होते, पाठ भिंतीला लागलेली. किक मारून सुटायचं होतं. कॉर्डेल आत आला. वाकला. पायांमधून उलटा ट्रेमेन दिसला, आणि त्याच्या मागे बँड, आणि बँडच्या रांगेत एक राखाडी टोपी. जुने बँडवाले सामना संपल्यावरही वाजवतात, म्हणून ते थांबले होते. चार वर्षांत पहिल्यांदा डॅडी दुसऱ्या भागात मैदानात होते.

एवढंच झालं. एवढंच पुरलं. बॉल ट्रेमेनच्या डोक्यावरून गेला आणि मागच्या रेषेपार. समोरच्यांना दोन गुण. अठरा-सतरा. हरले.

वरून माइकवर डीकन हॉबडींचा आवाज आला. ते तीस वर्षं इथे नावं पुकारतात. "चुकीचा स्नॅप... नंबर अठ्ठावन्न... कॉर्डेल मेबरी." आधी जरा कागद चाळल्याचा आवाज आला. त्यांनाही नाव शोधावं लागलं.

न्यू नेबोत जिंका नाहीतर हरा, सामना संपला की अख्खा संघ हेल्मेट काढून बँडसमोर उभा राहतो आणि कॉलेजचं गीत म्हणतो. कॉर्डेल नेहमी ट्रॉम्बोनच्या रांगेसमोर यायचा आणि जमिनीकडे बघायचा. त्या दिवशीही बघितलं. गीत संपलं, पोरं पांगली. कोणी त्याला शिवी दिली नाही. दिली असती तर तो कोणाचातरी झाला असता.

"कॉर्डेल."

डॅडी कुंपणापाशी होते. कोट घामाने भिजलेला.

"ते पंधरा यार्ड माझ्यावर," डॅडी म्हणाले. "तो शेवटचा सूर आधी मीच धरून ठेवला. बाकीचे माझ्यामागे. सोडवेना."

"बॉल मी फेकला, डॅडी."

"अरे, पण सुरुवातच तुम्हाला मागून करावी लागली..."

"बॉल मी फेकला. त्यात ट्रॉम्बोनचा काय संबंध?"

डॅडींचा चेहरा बंद झाला. "खरंय. तुझा ट्रॉम्बोनशी कधी संबंधच नव्हता."

आणि मग कॉर्डेलच्या तोंडून ते निघून गेलं. चार वर्षं दाताखाली धरलेलं.

"मी फुंकलंच नव्हतं. त्या पहिल्या सामन्यात. तुम्ही म्हणालात ना, तुझा आवाज वेगळा ऐकू आला? मी एक सूर फुंकला नव्हता, डॅडी. नुसती नळी हलवत होतो."

डॅडींनी ट्रॉम्बोन तिरका केला, खालचा खटका दाबून आतलं साचलेलं पाणी गवतावर सांडलं. थेंब थेंब. पूर्ण सांडेपर्यंत थांबले. मग नळी खांद्यावर टाकून निघून गेले.

त्यानंतर मेसमध्ये मिस अर्लीन नुसतीच वाढायची. निरोप नाही. कॉर्डेल ताट पुढे करून जरा थांबायचा. मागचा पोरगा ढकलायचा, "भाऊ, चल की पुढे."

नोव्हेंबरात घरचा शेवटचा सामना. त्या दिवशी शेवटच्या वर्षाची पोरं आपल्या माणसांचा हात धरून मैदानात येतात आणि डीकन हॉबडी सगळ्यांची नावं पुकारतात. त्यासाठी एक कार्ड भरून द्यायचं: सोबत कोण? सगळ्यांनी दिलं. कॉर्डेलचं कोरं.

ट्रेमेन म्हणाला, "माझे नऊ जण येतायत. दोन आत्या तर माझ्याही ओळखीच्या नाहीत. एक घे उसनी."

"नको."

"अरे घे. चांगली आहे. फक्त बोलते फार."

बुधवारी संध्याकाळी कॉर्डेलने कार्डावर 'लूशस मेबरी' असं लिहिलं, देऊन टाकलं, आणि जेवायच्या रांगेत मिस अर्लीनला म्हणाला, "डॅडींना सांगाल का, शनिवारी..."

मिस अर्लीनने पळी भांड्यावर आपटली. "नाही सांगणार. चार वर्षं तुमचे गुडघे नि खोकले वाहिले मी. मी काय पोस्टमन आहे? हा निरोप तूच ने, बाळा. तीन गल्ल्या आहेत. पाय आहेत ना?"

गुरुवारी तो गेला. डॅडी बसच्या आवारात होते, बसच्या पुढच्या चाकापाशी उकिडवे बसलेले. वर बघितलं नाही.

"शनिवारी साडेबाराला," कॉर्डेल म्हणाला. "दक्षिणेकडच्या फाटकापाशी. शेवटच्या वर्षाचे सगळे आपल्या... मी तुमचं नाव दिलंय."

"नाव दिलंस."

"हो."

"न विचारता."

"हो."

डॅडींनी पान्याने एक नट आवळला. आणखी आवळला. "बघतो. हे टायर घासलेत पार. बदलायचेत."

शनिवारी फाटकापाशी गर्दी. फुलं, फुगे, आज्या, चुलते, कडेवरची पोरं. ट्रेमेनच्या आत्यांचा आवाज सगळ्यांच्या वर. कॉर्डेल भिंतीला टेकून उभा. हेल्मेट या हातातून त्या हातात. बारा पस्तीस झाले. नावं सुरू झाली. एकेक घोळका आत जायला लागला. इथला घोळका लहान होत गेला, तसतसा तो जास्त जास्त दिसायला लागला.

आडनावांच्या क्रमाने नावं पुकारत होते, आणि 'मेबरी' यायला तीनच बाकी होती तेव्हा राखाडी टोपी आली. रविवारचा सूट. हात साबणाने घासलेले, तरी नखांत काळं.

"टायरला वेळ लागला," डॅडी म्हणाले, आणि कोपर पुढे केलं.

"नंबर अठ्ठावन्न, कॉर्डेल मेबरी. सोबत वडील, लूशस मेबरी." डीकन हॉबडी 'लूशस'वर जरा रेंगाळले. स्टेडियमने टाळ्या वाजवल्या. जास्त टाळ्या डॅडींना होत्या.

दोघं चालत होते. समोर बघत डॅडी हळूच म्हणाले, "मला ऐकू आला होता."

"डॅडी, मी फुंकलंच नव्हतं."

"तू फुंकलं नसशील. मला ऐकू आला होता."

मैदानाच्या मध्यापर्यंत पोचले, फोटो निघाला, डॅडी जाऊन बँडच्या बाजूला बसले. जाताना एवढंच म्हणाले, "आज शेवटपर्यंत थांबतो. बघू तरी तू काय करतोस ते."

आणि कोच पेटवेंच्या डोक्यात त्या दिवशी काय शिरलं देव जाणे. कपडे बदलायच्या खोलीत म्हणाले, "नऊ हरलोत. आज बॉल कोणाला द्यायचा नाही. किक बंद. पलीकडची रेषा गाठल्यावर जास्तीच्या एका गुणासाठी मारतो, तीही नाही. जे काय ते पळून."

सगळी पोरं ओरडली. कॉर्डेलही ओरडला. मग त्याला कळलं.

पहिला भाग तो बाकावर. मध्यंतराला बँड झाला, अर्धं स्टेडियम उठलं, नेहमीसारखं गेलं. डॅडी उठले नाहीत. त्यांच्या भोवतीचे बाक रिकामे झाले, सावली सरकत आली, ते तिथेच. हात मांडीवर, नजर मैदानावर. दुसरा भाग सुरू झाला, संपत आला. संघ कधी नव्हे तो असा खेळत होता, आणि कॉर्डेलचं हेल्मेट कोरडं होतं. दर वेळी संघ अडला की तो अर्धा उठायचा. कोच हात करायचे, बस. तो बसायचा. वर टोपी दिसायची, जरा पुढे झुकलेली, शोधणारी.

चाळीस सेकंद राहिली आणि न्यू नेबोने पलीकडची रेषा गाठली. वीस-वीस. बँडने विजयाचं गाणं काढलं. उरलेलं स्टेडियम नाचायला लागलं. कोच पेटवे बाकाकडे वळून म्हणाले, "अठ्ठावन्न. एक गुण. किक."

कॉर्डेल धावत आत गेला. वाकला. डोकं खाली. पायांमधून उलटं मैदान दिसलं. सात यार्डांवर ट्रेमेन गुडघ्यावर बसून हात पुढे करून तयार, कारण या किकला एकाने बॉल टेकवून धरायचा आणि दुसऱ्याने मारायचा असतो. त्याच्या मागे उलटा बँड. आणि रिकाम्या बाकांमध्ये उलटे डॅडी. मैदानाकडे पाठ करून, ट्रॉम्बोनच्या रांगेकडे तोंड करून उभे. उजवा हात पुढे-मागे, पुढे-मागे. हातात काहीच नाही. नुसती हवा वाजवत होते.

कॉर्डेलने एक श्वास घेतला आणि बॉल सोडला.

ट्रेमेनने धरला. किक बसली. एकवीस-वीस. कॉर्डेल खाली पडलेला असतानाच कळलं, आवाजावरून. मग पोरांचा ढीग, कोच रडतायत, सगळे धावतायत. कोणीतरी त्याच्या पाठीवर थाप मारली, दुसरा कोणीतरी समजून.

गीत झालं. या वेळी तो मान वर करून उभा राहिला, पण म्हटलं नाहीच. मग कुंपणापाशी गेला. डॅडी तिथे होते. घामेजलेले, दम लागलेला.

"पाहिलंत?" कॉर्डेलने विचारलं.

"पाहिलं ना!" डॅडी म्हणाले. डोळे ओले. "सरळ गेला बॉल. एकदम सरळ. एवढ्या गर्दीत मी फक्त तुझ्याकडेच बघत होतो."

मागे बँडने पुन्हा काहीतरी सुरू केलं. कॉर्डेल त्यांच्याकडे बघत राहिला. एकदम सुलट, बऱ्याच दिवसांनी.

"हो," तो म्हणाला. "सरळ गेला."